प्रश्न सुटत नाही? मग प्रश्नच बदलून पाहा

काही महिन्यांपूर्वी एका गावच्या दूध संस्थेचे सचिव माझ्याकडे आले. छातीत जळजळ, रात्री झोप नाही, रक्तदाब १५०/९६. औषध लिहिता लिहिता मी सहज विचारले, "कामाचा काही त्रास?" तेव्हा खरे दुखणे बाहेर आले. सकाळी संकलनाला झुंबड उडते, फॅट काढायचे मशीन एकच आणि रोज भांडणे. "दुसरे मशीन घ्यायला पैसे नाहीत, डॉक्टरसाहेब. चार महिने डोक्यात तेच घोळतंय."

वाचकहो, ही तक्रार घेऊन येणारे पुष्कळ असतात. कोणी कारकून, कोणी शिक्षक, कोणी दुकानदार. काळजीने शरीरात ॲड्रिनॅलिन, कॉर्टिसॉल ही द्रव्ये वाढतात. अंगावर बैल धावून आला तर ती उपयोगी पडतात, कारण तेव्हा एकच गोष्ट सुचावी लागते : पळणे. पण कामातला पेच सोडवायला चार वाटा सुचाव्या लागतात आणि नेमके तेच तेव्हा जमत नाही. मन एकाच वाटेवर घाण्याच्या बैलासारखे फिरत राहते.

कार्ल डंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. एक मेणबत्ती, काड्यापेटी आणि खोकेभर टाचण्या द्यायच्या. मेणबत्ती भिंतीवर अशी लावा की मेण टेबलावर सांडणार नाही. बरेच जण मेणबत्तीलाच टाचण्या मारत बसतात. खोके रिकामे करून ते भिंतीला टाचावे आणि त्यावर मेणबत्ती उभी करावी, हे सुचत नाही. कारण खोके म्हणजे टाचण्या ठेवायची वस्तू, हे मनात पक्के बसलेले असते. टाचण्या खोक्याबाहेर ठेवून दिल्या तर उत्तर पुष्कळांना सापडते!

आमच्या वैद्यकातले उदाहरण तर प्राण वाचवणारे आहे. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून रुग्णांना तोंडाने पाजायला सुरुवात केली. हे मिश्रण आधी माहीत होते, पण ते पाजण्याचे काम त्यांनी रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती दिले. मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० वरून ४ च्या खाली आले. सलाइन मिळाले नाही, पण वाट मिळाली.

ही सवय कोणालाही लावून घेता येते.

१. प्रश्न कागदावर लिहा आणि मग तो तीन वेगळ्या तऱ्हांनी लिहा. "मशीन कसे मिळेल?" याऐवजी "गर्दी एकाच वेळी का होते?"

२. सुचेल ते आधी सगळे लिहा. बरे-वाईट नंतर ठरवा. पहिल्याच कल्पनेला "हे जमायचे नाही" म्हटले की पुढची येत नाही.

३. सहकाऱ्यांना बोलवा, पण बैठकीआधी प्रत्येकाने एकट्याने लिहून आणावे. नाहीतर साहेब बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. शिपायालाही विचारा, अडचण त्याला जवळून दिसते.

४. अडलात तर उठून पंधरा मिनिटे चालून या. चालताना कल्पना अधिक सुचतात, असे २०१४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्रयोगांत दिसले आहे.

५. झोप मोडून विचार करू नका. रात्री न सुटलेले कोडे पुष्कळदा सकाळी सुटते.

सचिव पंधरा दिवसांनी पुन्हा आले. उत्तर सापडले होते आणि ते दिले होते कॅन उचलणाऱ्या पोराने : "काका, वस्तीवार वेळ ठरवून द्या ना!" प्रत्येक वस्तीला वीस मिनिटे. पहिले चार दिवस कुरकुर झाली, मग बसले गणित. जळजळ कमी झाली आहे, झोप लागते. रक्तदाबाची गोळी मात्र चालूच आहे आणि ती मनाने बंद करायची नाही, हे मी त्यांना बजावले आहे.

एक सांगतो. प्रत्येक अडचण युक्तीने सुटत नाही. कामाचा बोजाच माणसाच्या ताकदीबाहेर असेल, तर तो कमी करून मागण्यात कमीपणा नाही. आणि दोन आठवडे झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांना भेटा. छातीत दुखत असेल तर एक दिवसही थांबू नका.