सासू, सून आणि पाळणा : रशियाची सम्राज्ञी कॅथरिन आणि मारिया फ्योदोरोव्हना

आपल्याकडे म्हणतात, चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. आजची गोष्ट रशियाच्या राजघराण्यातली आहे, पण ती ऐकताना ही म्हण तुम्हाला आठवल्याशिवाय राहणार नाही. शेवटी माझा मुद्दा थोडा वेगळा असेल. हे भांडण स्वभावाचं कमी आणि कायद्याचं जास्त होतं, असं मला वाटतं. कसं ते पाहू. (तारखा त्या काळच्या रशियन पंचांगाप्रमाणे आहेत.)

सुरुवात करू 1754 पासून. रशियाच्या गादीवर तेव्हा एलिझाबेथ होती, पीटर द ग्रेटची मुलगी. तिला मूल नव्हतं. म्हणून तिने आपल्या बहिणीचा मुलगा वारस म्हणून आणवला आणि त्याच्यासाठी जर्मनीतल्या एका छोट्या संस्थानातली मुलगी निवडली. 1744 मध्ये रशियात आली तेव्हा ही मुलगी चौदा वर्षांची होती. तिचं नाव बदलून कॅथरिन ठेवलं गेलं. म्हणजे एलिझाबेथ ही कॅथरिनची मावससासू.

20 सप्टेंबर 1754 ला कॅथरिनला मुलगा झाला. त्याचं नाव पॉल. बाळाला आंघोळ घातली, गुंडाळलं, आणि एलिझाबेथ ते आपल्या महालात घेऊन गेली. पुढचं कॅथरिनने स्वतःच आठवणींत लिहून ठेवलंय. बाळंतीण कितीतरी तास तशीच पडून होती, पाणी द्यायलाही कोणी नव्हतं. बाळ पुन्हा दिसलं ते चाळीसेक दिवसांनी. त्याच्या खोलीत भयंकर उकाडा आणि पाळण्याला काळ्या कोल्ह्याच्या कातड्याचं अस्तर, पोर घामाने निथळत होतं. बक्षीस म्हणून कॅथरिनला एक लाख रूबल मिळाले. मूल मात्र मिळालं नाही.

आता बावीस-तेवीस वर्षं पुढे येऊ. 1762 मध्ये कॅथरिनने लष्कराच्या मदतीने नवऱ्याला पदच्युत केलं आणि स्वतः सम्राज्ञी झाली. तिच्या नवऱ्याचा काही दिवसांतच कैदेत मृत्यू झाला. पॉल तेव्हा सात वर्षांचा होता. खरा वारस तो, आईने फक्त त्याच्या वतीने कारभार बघावा, असं म्हणणारे लोक दरबारात होते. ते कॅथरिनने मानलं नाही. पण पॉल मोठा होत गेला तसा तो तिला आपल्या गादीचा दावेदार दिसू लागला.

पॉलची पहिली बायको 1776 च्या एप्रिलमध्ये बाळंतपणात गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याचं दुसरं लग्न झालं. ही सून व्युर्टेम्बर्गची, वय सोळा, रशियातलं नाव मारिया फ्योदोरोव्हना. योगायोग बघा, तिचा जन्म स्टेटिनचा, आणि कॅथरिनचा जन्मही त्याच गावातला! सासूला सून सुरुवातीला फार आवडली होती.

12 डिसेंबर 1777 ला मारियाला मुलगा झाला, अलेक्झांडर. आणि कॅथरिनने काय केलं? बाळ उचललं आणि आपल्याकडे नेलं. 1779 मध्ये दुसरा मुलगा झाला, त्यालाही नेलं. त्याचं नाव आजीने कॉन्स्टंटाइन ठेवलं, कारण कॉन्स्टँटिनोपल जिंकून या नातवाला तिथे बसवायचं स्वप्न ती बघत होती.

आजीचं प्रेम खोटं नव्हतं, हे आधी सांगायला हवं. तिने नातवांसाठी स्वतः गोष्टी लिहिल्या, पुढे शिक्षक म्हणून स्वित्झर्लंडच्या ला हार्पला नेमलं. स्वीडनच्या राजाला तिने कौतुकाने पत्र लिहून कळवलं की बाळाला लोखंडी पलंग, चामड्याची गादी, हलकं पांघरूण आणि गार मोकळी हवा दिली आहे. म्हणजे बघा, कोल्ह्याच्या कातड्याचा धडा ती पक्का शिकली होती. ज्या आईचं मूल नेलं, तिचं काय होतं, हा धडा मात्र ती शिकली नाही. किंवा शिकली असूनही तिला ते परवडणारं नव्हतं.

अलेक्झांडर झाल्याबद्दल सुनेला आणि मुलाला जमीन मिळाली, तिथे पुढे पाव्हलोव्हस्कचा राजवाडा उभा राहिला. सासूच्या उन्हाळी राजवाड्यापासून हे ठिकाण चार-पाच किलोमीटरवर. मुलं इतक्या जवळ, तरी ती कधी भेटतील हे सासू ठरवणार. 1787 मध्ये कॅथरिन क्रिमियाच्या लांबच्या दौऱ्यावर निघाली आणि दोन्ही नातवांना बरोबर न्यायचं ठरवलं. आईबापांनी पत्रं लिहून विनवण्या केल्या, पण ती बधेना. शेवटी मुलं आजारी पडली, म्हणून घरी राहिली.

आता प्रश्न असा, की स्वतः भोगलेलं दुःख तिने सुनेला का द्यावं? ‘सासू ती सासूच’ हे उत्तर सोपं आहे, पण अपुरं आहे. खरं उत्तर 1722 च्या कायद्यात आहे. पीटर द ग्रेटने ठरवलं होतं की आपला वारस कोण हे राज्यकर्त्याने स्वतः नेमायचं. थोरल्या मुलाचा हक्क संपला. मग काय होणार? गादीवर कोणीही येऊ शकतो, आणि राजवंशातलं मूल ज्याच्या हातात, उद्याचं राज्य त्याच्या हातात. एलिझाबेथने पॉलला नेलं ते यासाठी. कॅथरिनने अलेक्झांडरला नेलं तेही यासाठी, कारण मुलाला डावलून नातवाला गादी द्यायचं तिच्या मनात होतं.

घराण्यात पुढे सांगितली गेलेली एक हकीकत अशी : 1796 मध्ये कॅथरिनने सुनेपुढे एक कागद ठेवला. पॉलने हक्क सोडावा म्हणून तू सही कर. मारियाने सही केली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॅथरिन गेली, आणि गादीवर पॉलच आला.

मारियाची एक सही मात्र इतिहासात नक्की आहे. 1788 मध्ये पॉल युद्धावर जायच्या तयारीत होता, तेव्हा नवरा-बायकोने मिळून वारसाहक्काचा एक मसुदा केला आणि दोघांनी त्यावर सह्या केल्या. थोरला मुलगा, मग त्याचा मुलगा. वारस नेमणं कोणाच्या मर्जीवर नाही. 5 एप्रिल 1797 ला, राज्याभिषेकाच्या दिवशी, पॉलने तो कायदा म्हणून जाहीर केला. आता पाळणा पळवून गादी ठरवता येणार नव्हती.

पण याची किंमतही होती. या कायद्यात बायकांचा नंबर सगळे पुरुष वारस संपल्यावर. 1725 ते 1796 या काळात रशियावर बहुतेक वर्षं चार सम्राज्ञींनी राज्य केलं. कॅथरिननंतर एकही झाली नाही. एका सुनेची व्यथा मिटवताना सगळ्या लेकीसुनांसाठी सिंहासनाचा दरवाजा जवळजवळ बंद झाला.

आणि मारिया? 1801 मध्ये पॉलचा खून झाला, अलेक्झांडर सम्राट झाला. आता मारिया राजमाता, आणि दरबारी समारंभात तिचा मान सुनेच्या, म्हणजे सम्राटाच्या पत्नीच्या आधी. तिने तो मान सोडला नाही, आणि दोघींचं फारसं जमलंही नाही. म्हणजे म्हण खरीच ठरली. फक्त एक फरक पडला. भांडण आता पुढे कोणी चालायचं यावर होतं, कोणाचं मूल कोणी न्यायचं यावर नव्हतं. स्वभाव बदलला नसेल, पण कायदा बदलला होता.