एका आगबोटीचीं तीन नांवें

फ्रान्समधील सें-नाझेर येथील गोदींत 7 ऑक्टोबर 1957 रोजीं एका प्रचंड उतारू आगबोटीच्या तळाचा कणा बसविण्यांत आला. पुढें वर्षभरांतच, म्हणजे ऑक्टोबर 1958 मध्यें, लंडन व न्यूयॉर्क यांच्या दरम्यान जेट विमानें नियमानें उतारू नेऊं लागलीं. या दोन गोष्टी एकत्र ध्यानांत ठेवल्या म्हणजे या बोटीची पुढील हकीकत सहज उलगडते. जो महासागर पांच दिवसांत ओलांडण्यासाठीं ती बांधली जात होती, तो कांहीं तासांत ओलांडण्याची सोय तिच्या जन्मापूर्वींच होऊन चुकली होती!

'फ्रान्स' हें तिचें पहिलें नांव. 11 मे 1960 रोजीं राष्ट्राध्यक्ष द गोल यांच्या समक्ष त्यांच्या पत्नीच्या हस्तें नामकरण होऊन ती पाण्यांत उतरली आणि 3 फेब्रुवारी 1962 रोजीं ल हाव्रहून न्यूयॉर्ककडे पहिल्या सफरीस निघाली. तिची लांबी 1,035 फूट होती. एवढी लांब उतारू बोट पुढें चाळीस वर्षें दुसरी झाली नाहीं. आठ बॉयलर, चार मळसूत्री पंखे, ताशीं तीस सागरी मैलांहून अधिक वेग आणि सुमारें दोन हजार उतारूंची सोय, असा तिचा थाट होता. 'नॉर्मंडी' ही पूर्वीची फ्रेंच बोट 1942 मध्यें न्यूयॉर्क बंदरांत जळाली होती. आगीची ती धास्ती मनांत असल्यामुळें नव्या बोटींत अ‍ॅस्बेस्टॉसचा, म्हणजे न जळणाऱ्या खनिज तंतूंचा, मुक्तहस्तें उपयोग केला गेला. त्या काळीं यास शहाणपणच म्हणत.

बोटीचा वेग दुप्पट करावयाचा तर शक्ति दुप्पट पुरत नाहीं. ती स्थूलमानानें आठपट लागते. तेल स्वस्त आणि सरकारी मदत चालू, तोंवर हा व्यवहार कसाबसा निभला. 1973 च्या अखेरीस तेलाचे भाव कडाडले आणि 1974 मध्यें सरकारनें हात आखडता घेतला. सप्टेंबरांत खलाशांनीं बोट ताब्यांत घेऊन ल हाव्रच्या बंदराच्या तोंडाशींच अडकवून धरली. पण निर्णय फिरला नाहीं. पुढें सुमारें पांच वर्षें ती एका आडबाजूच्या धक्क्यास पडून होती. त्या धक्क्यास लोक 'विस्मृतीचा धक्का' म्हणूं लागले.

1979 मध्यें नॉर्वेचे क्नूट क्लोस्टर यांनीं ती 1 कोटि 80 लक्ष डॉलरांस घेतली व जर्मनींतील ब्रेमरहाफेन येथें तिचा कायापालट केला. त्यांतील मर्म असें, कीं बोटीचा वेगच त्यांनीं सोडून दिला. चारांपैकीं दोन पंखे काढले आणि पुढील यंत्रशाळा बंद ठेवली. कोठें पोंचण्याची घाई नसलेल्या उतारूस वेग काय करावयाचा? त्याला हवें ऊन, पोहण्याचे तलाव, दुकानें व नाटकगृह. 1980 पासून 'नॉर्वे' या नांवानें ती मायामीहून कॅरिबियन बेटांच्या सफरी करूं लागली. लहान बेटांच्या धक्क्यांस ती लागत नसे. म्हणून उतारूंस किनाऱ्यावर नेण्याकरितां दोन होड्या ती पुढच्या भागावर वाहून नेई. 1990 मध्यें तिच्यावर आणखी दोन मजले चढले. उत्पन्न वाढलें असेल, पण तिची डौलदार आकृति त्या दिवशीं बिघडली ती बिघडलीच.

25 मे 2003 रोजीं मायामी बंदरांत तिचा एक बॉयलर फुटून आठ खलाशी मृत्यु पावले. बॉयलरची हाताळणी, देखभाल व तपासणी यांतील हयगय हें त्याचें कारण, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. पुन्हां उतारू घेऊन ती निघाली नाहीं. आधीं ब्रेमरहाफेन, मग मलाया द्वीपकल्पाचा किनारा, अशी ओढत नेल्यावर 2006 मध्यें 'ब्लू लेडी' हें तिसरें नांव धारण करून ती गुजराथेंतील अलंग येथें मोडण्यासाठीं आली. मोठ्या भरतीच्या वेळीं जहाज वाळूंत चढवावयाचें आणि ओहोटींत मजुरांनीं गॅसच्या ज्योतीनें कापावयाचें, ही तेथील रीत. बांगलादेशानें तिला आधींच नकार दिला होता. कारण तेंच अ‍ॅस्बेस्टॉस! जाळीत नाहीं म्हणून ज्याचा गौरव झाला, त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसांत शिरून प्राणघातक ठरतात. तिच्यांत अशी सामग्री सुमारें 1,200 टन असावी असा अंदाज होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें आणि 11 सप्टेंबर 2007 रोजीं मोडण्यास परवानगी मिळाली.

तिचें पुढचें टोंक मात्र कापून फ्रान्सला परत नेण्यांत आलें. 2009 मध्यें पॅरिसांत त्याचा लिलाव झाला आणि आज तें ल हाव्र बंदरांत उभें आहे. अलंगच्या वाळूंत तिचे तुकडे करणाऱ्या मजुरांची गोष्ट निराळी. अ‍ॅस्बेस्टॉसची बाधा बहुधा वीस-तीस वर्षांनीं प्रकट होते. त्यांच्या बाबतींत तो काळ आतां कोठें सुरू होत आहे.