स्नायूंचा मेळ

इ. स. २०२३ च्या मे महिन्यात चीनमधील शांघाय शहरी विश्वचषक तिरंदाजीची स्पर्धा भरली होती. अंतिम सामन्यात बुलढाण्याचे तरुण धनुर्धर प्रथमेश जवकार हे नेदरलँड्सचे नामांकित धनुर्धर माइक श्लोसर यांच्यासमोर उभे ठाकले. लक्ष्य पन्नास मीटरांवर, आणि त्यातील दहा गुणांचे वर्तुळ अवघे आठ सेंटिमीटर रुंद, म्हणजे कपाच्या तोंडाएवढे. प्रत्येकी पंधरा बाण सुटले आणि जवकार १४९ विरुद्ध १४८ अशा एका गुणाने विजयी झाले.

अशा अचूकपणाचे सारे श्रेय आपण डोळ्यांना देतो. परंतु डोळ्यांनी नेम धरला तरी धनुष्य पेलतात ते स्नायूच. एक हात धनुष्य पुढे रेटतो, दुसरा दोरी मागे खेचतो आणि पाठीचे स्नायू दोन्ही खांदे जागच्या जागी आवळून धरतात. कोणी, केव्हा, किती आकसावे याच्या आज्ञा मेंदूकडून मज्जातंतूंवाटे क्षणोक्षणी येत असतात. नांगराच्या बैलजोडीसारखेच हे आहे. एक बैल थकला की दुसऱ्यावर ओढ पडते आणि तास वाकडे जाते.

स्नायू थकतो कशाने? त्याला प्राणवायू पुरवणारे आणि त्यातील निरुपयोगी द्रव्ये वाहून नेणारे रक्तच असते. गंमत अशी, की फार वेळ ताणून धरलेला स्नायू आपल्याच रक्तवाहिन्या दाबून टाकतो. मग हात थरथरू लागतो. जवकार यांचे धनुष्य चाकांचे असते. दोरी पूर्ण खेचल्यावर त्या चाकांमुळे ओढ पुष्कळ हलकी होते आणि नेम धरताना स्नायूंना उसंत मिळते.

याच दाबाचा मुद्दाम उपयोग करून घेण्याची कल्पना जपानमधील योशिआकी सातो यांना सुचली. इ. स. १९६६ मध्ये एका धार्मिक विधीला ते बराच वेळ गुडघे मुडपून बसले होते. कीर्तनाला बसल्यावर आपल्या पायांना मुंग्या येतात, तशीच त्यांच्या पायांची गत झाली. पोटऱ्या भरून आल्या, जणू काही भारी व्यायामच केला होता! तेव्हापासून त्यांनी स्वतःच्या हातापायांवर पट्टे बांधून अनेक वर्षे प्रयोग केले आणि या व्यायामाला ‘काआत्सु’ हे नाव दिले.

या व्यायामात दंडाच्या किंवा मांडीच्या वरच्या टोकाला रुंद पट्टा बांधतात. धमनीतून रक्त आत येते, पण कमी. शिरांतून परत फिरणारे रक्त मात्र अडून राहते. एरवी हलके वजन उचलताना मेंदू स्नायूतील तंतूंचे लहान गटच कामाला लावतो. पट्टा बांधल्यावर हे गट लवकर दमतात आणि मग मोठ्या, जोरकस गटांना हाक जाते. त्यामुळे एरवी जेवढे वजन जेमतेम एकदा उचलता येईल, त्याच्या पाचव्या हिश्शाएवढ्या भारानेही स्नायू बळकट होऊ लागतो. शस्त्रक्रियेनंतर ज्यांना भारी वजन झेपत नाही, त्यांना याचा मोठा आधार होतो.

शेजारच्या स्नायूंचे काय होते? जपानी संशोधकांनी दंडाला पट्टे बांधून उताणे निजून वजन ढकलण्याचा व्यायाम करवला आणि स्नायूंतील विद्युत्-संदेश मोजले. पट्टा दंडाला होता, तरी छातीच्या स्नायूंचे कामही वाढलेले आढळले! दमलेल्या दंडाचा भार छातीने उचलला होता. ही वाटणी बदलली, की हालचालीचा नेहमीचा डौलही बदलतो. म्हणून नेमबाजीचा सराव पट्ट्याविना, ताज्या स्नायूंनीच करणे शहाणपणाचे.

मात्र, मुलांनो, घरी दोरी बांधून हा प्रयोग कदापि करू नका. पट्ट्याचा दाब जाणकार यंत्राने मोजतात. दोरी मज्जातंतू चिरडते. साप चावल्यावर अवयव करकचून बांधण्याची खेड्यांतील रीतही अशीच घातक आहे. चावलेला अवयव न हलवता रुग्णाला तत्काळ दवाखान्यात न्यावे.

प्रयोगाची हौसच असेल, तर हात खांद्याच्या रेषेत बाजूला ताठ धरून उभे राहा. थोड्याच वेळात खांदा भरून येईल, बोटे थरथरतील, आणि मान व कंबर आपण होऊन मदतीला झुकू लागतील. मग हात खाली सोडा. दबलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होऊन रक्त वेगाने आत शिरेल आणि खांद्याचा ताण हळूहळू ओसरत जाईल.