चिवट माणसं (६) : घरं जातील, पण बंदर राहिलं पाहिजे

मागच्या आठवड्यात आपण इंडोनेशियातल्या सिमेउलुए बेटावर होतो. १९०७ च्या त्सुनामीची आठवण तिथल्या आजी-आजोबांनी गोष्टींतून जपली आणि २००४ मध्ये त्याच गोष्टींनी हजारो जीव वाचवले. तिथे काय करायचं हे ठरलेलं होतं : समुद्र मागे हटला की डोंगर गाठायचा. आजच्या बेटावर मात्र माणसं सुखरूप निसटली आणि खरा पेच त्यानंतर सुरू झाला.

आइसलंडच्या दक्षिण किनाऱ्यासमोर वेस्टमन बेटांचा समूह आहे. त्यातल्या हेइमाए या एकाच बेटावर वस्ती. १९७३ मध्ये तिथे सुमारे ५,३०० माणसं राहत होती आणि साऱ्या गावाचं पोट मासळीवर होतं. २३ जानेवारीला मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास गावाच्या पूर्वेला जमीन दुभंगली. पाहता पाहता भेग दीड किलोमीटरहून लांब झाली आणि तिच्यातून आगीचे फवारे उसळू लागले. गावाची शेवटची घरं तिथून हाकेच्या अंतरावर होती.

आदल्या दिवशी समुद्र खवळलेला होता, म्हणून मासेमारीच्या बोटी बंदरातच नांगरलेल्या होत्या. हे नशीबच म्हणायचं. पण त्या बोटी अर्ध्या तासात माणसं भरून मुख्य भूमीकडे निघाल्या, हे काही नशिबाचं काम नव्हतं. ज्या गावात घरटी कोणी ना कोणी दर्यावर जातं, तिथे अपरात्री बोट काढायला कोणाला शिकवावं लागत नाही. म्हातारे आणि रुग्ण विमानाने गेले. उजाडेपर्यंत बेट जवळजवळ रिकामं झालं होतं. मागे राहिली ती कामाची माणसं, दोन-तीनशे.

एरवी अशी बातमी इथेच संपते. हेइमाएची गोष्ट मात्र पुढे पाच महिने चालली.

आकाशातून काळी राख पडत होती. छपरं तिच्या वजनाने खचत होती. स्वयंसेवक फावड्यांनी छपरं मोकळी करत होते, खिडक्यांवर पत्रे ठोकत होते. सखल भागात आणि तळघरांत विषारी वायू साचत होता. या उद्रेकातला एकमेव बळी त्यानेच घेतला. त्यातच लाव्हा एका बाजूने घरांकडे आणि दुसऱ्या बाजूने बंदराच्या तोंडाकडे सरकू लागला.

बंदर बुजलं असतं तर? घरं पुन्हा बांधता येतात. बंदर मात्र निसर्गाने दिलेलं होतं. आइसलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वाळूच वाळू आहे आणि मोठ्या बोटींना आडोसा देणाऱ्या जागा फारच थोड्या. बंदर गेलं की मासळी गेली, आणि मासळी गेली की परत यायला कारणच उरलं नसतं. म्हणून सगळा जोर बंदराच्या तोंडाशी लावायचं ठरलं.

थोरब्योर्न सिगुरगेइर्सन या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवलेला उपाय ऐकायला वेडगळ वाटेल : लाव्ह्यावर समुद्राचं पाणी मारायचं. त्यामागचा हिशेब मात्र सरळ होता. लाव्हा थंड होताना दुधासारखी साय धरतो. ही साय पाण्याने जाड करत नेली की आघाडीचा भाग दगड होतो आणि मागून येणारा लाव्हा त्याच बांधाला अडून पुढे जाण्याऐवजी वर चढतो. एक घनमीटर पाण्यात सुमारे पाऊण घनमीटर लाव्हा गोठतो, असं गणित निघालं. फेब्रुवारीत थोड्या पंपांवर सुरुवात झाली. मार्चमध्ये एक पंपजहाज आलं, नंतर अमेरिकेतून मोठे पंप आले. धगधगत्या लाव्ह्याच्या सायीवर बुलडोझरने वाट काढून माणसं आत शिरत आणि नळ टाकत. हे नळ प्लास्टिकचे होते. आत पाणी वाहत असेपर्यंत ते वितळत नाहीत, हे कामातच कळलं. जुलैपर्यंत साठ लाख घनमीटरहून जास्त समुद्र लाव्ह्यावर ओतला गेला.

मार्चच्या अखेरीस लाव्ह्याचा नवा लोंढा गावात घुसला आणि घरांच्या रांगाच्या रांगा गिळून गेला. उद्रेक थांबला तेव्हा सुमारे चारशे घरं नाहीशी झाली होती. बंदर मात्र शाबूत होतं. उलट, लाव्ह्याने तोंड अरुंद केल्यामुळे आत लाटांचा मारा कमी झाला आणि ते पूर्वीपेक्षा सुरक्षित झालं. हे सारं पाण्यामुळे झालं की उद्रेक आपसूक ओसरत होता म्हणून, यावर वाद आहे. अमेरिकी पत्रकार जॉन मॅकफी यांनी 'द कंट्रोल ऑफ नेचर' (१९८९) या पुस्तकात ही झुंज सांगितली, तेव्हा पंपवाल्यांच्या बरोबरीने शंकेखोरांनाही जागा दिली. वृत्तांतलेखनातला हा प्रामाणिकपणा शिकण्यासारखा आहे. पराक्रमाची गोष्ट सांगताना पुराव्याचा हात सोडायचा नसतो.

आता ज्यांची घरं गेली त्यांचं काय? या गोष्टीतला सर्वांत कमी सांगितला जाणारा भाग हाच. लाव्ह्याशी झुंज चालू असतानाच आइसलंडच्या संसदेने कायदा करून आपत्ती निधी उभा केला आणि त्यासाठी देशभर जादा कर बसवला. बंदर सगळ्या देशाच्या कामाचं, मग त्यापायी गेलेल्या घरांचा भारही सगळ्यांनी उचलायचा. घर सोडणाऱ्याला 'सोसा' म्हणून एकटं टाकलं नाही, म्हणूनच त्याग मागता आला. दोन वर्षांत बहुसंख्य लोक परतले. राखेतून धावपट्टी वाढवली गेली आणि निवणाऱ्या लाव्ह्याच्या उष्णतेवर कित्येक वर्षं घरं ऊबदार राहिली. सगळे मात्र परतले नाहीत. बेटाची लोकसंख्या आजही उद्रेकापूर्वीच्या आकड्याला पोचलेली नाही.

हाच पेच आइसलंडपुढे पुन्हा उभा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्रिंडाविक हे मासेमारीचं गाव रिकामं करावं लागलं. तिथले लोक साडेतीन हजारांहून जास्त. जानेवारी २०२४ मध्ये लाव्हा गावात शिरला आणि काही घरं जळाली. मातीचे बांध घातले गेले, लाव्ह्यावर पाणी मारूनही पाहिलं; पण इथे भेगा खुद्द गावाखालीच आहेत. तेव्हा सरकारने रहिवाशांची घरं विकत घेण्याचा कायदा केला. हेइमाएत परत येता यावं म्हणून पैसा लागला, ग्रिंडाविकमध्ये दुसरीकडे बस्तान बसवता यावं म्हणून. दोन्हीकडे तत्त्व एकच.

चिवटपणा म्हटलं की आपल्याला मूठ आवळून उभा असलेला एकटा माणूस दिसतो. हेइमाए सांगतं की आधी काय सोडायचं ते ठरवावं लागतं, आणि सोडलेल्याची किंमत वाटून घ्यावी लागते. धरणासाठी, रस्त्यासाठी गावं उठवणाऱ्या कुठल्याही समाजाला यातला दुसरा भाग जास्त अवघड जातो.

(पुढील आठवड्यात : पेरूमधला दरवर्षी नव्याने विणला जाणारा गवताचा पूल)