क्लच लवकर गेला, तर दोष कुणाचा?

आपल्यापैकी पुष्कळांनी गाडी शिकली ती पुण्या-मुंबईच्या नाहीतर नाशिक-कोल्हापूरच्या रस्त्यांवर. तिथल्या गर्दीत इंच इंच पुढे सरकायचे तर हाफ क्लच हीच खरी विद्या, आणि ती आम्हांला शिकवणाऱ्यांनी मनापासून शिकवली. इंग्लंडात स्थायिक झाल्यावर १२ महिने भारतातल्या लायसन्सवर गाडी चालवता येते, मग इथली परीक्षा द्यावी लागते, आणि इथला शिक्षक चढावर गाडी क्लचवर तोलून धरलेली पाहिली की लगेच हँडब्रेककडे बोट दाखवतो. हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे आपल्या घरांत एक गंमत होते. गाडीचा क्लच वेळेआधी गेला, की गॅरेजवाल्याने काही म्हणायच्या आतच घरचे लोक आरोपी ठरवून मोकळे होतात. आणि हा आरोपी बहुधा घरात सर्वांत शेवटी परीक्षा पास झालेला माणूस असतो!

आमचे म्हणणे एवढेच, की गिअरबॉक्स खाली उतरवून क्लच प्लेट डोळ्यांनी पाहीपर्यंत निकाल देऊ नये. यात घरातल्या माणसाच्या अब्रूचा प्रश्न आहे, तसाच पैशांचाही आहे. सुटे भाग त्यामानाने स्वस्त असतात, पण गिअरबॉक्स काढून परत बसवण्याची मजुरी खिशाला चांगलीच जाणवते. त्यातून ड्युअल मास फ्लायव्हील बदलायची वेळ आली तर बिल सहज हजार पौंडांच्या पुढे जाते.

क्लच म्हणजे थोडक्यात दोन चकत्यांची पकड. इंजिनाबरोबर फ्लायव्हील फिरते, तिच्यावर प्रेशर प्लेट क्लच प्लेटला घट्ट दाबून धरते, आणि तो जोर गिअरबॉक्सकडे जातो. आपण पायडल दाबले की रिलीज बेअरिंग ही पकड सोडवते. पकड अर्धवट असताना प्लेट घासते आणि तापते. हे रोज थोडेथोडे होणारच, म्हणून क्लच झिजणारच. नीट वापरलेला क्लच साधारण ६०,००० मैल तरी चालावा असे म्हणतात, आणि मोटरवेवर धावणाऱ्या गाड्यांचा लाखाच्याही वर जातो. तेव्हा २०-३० हजारांवर गेला, तर का गेला हे विचारायलाच हवे.

आजार ओळखायला सोपा आहे. चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन ओरडते पण गाडीचा वेग वाढत नाही, म्हणजे प्लेट घसरते आहे. जळका, उग्र वास आला तर ती तापली आहे. पण पायडल मऊ पडले, जमिनीला टेकले आणि गिअर पडेनासा झाला, तर प्लेट शाबूत असून हायड्रॉलिकमध्ये गळती असू शकते. पायडल दाबल्यावरच घरघर येत असेल तर संशय बेअरिंगवर. इंजिन बंद करताना खडखड होत असेल तर फ्लायव्हीलवर. हा फरक आधी लिहून ठेवावा, कारण गॅरेजमध्ये “क्लच खराब झालाय” एवढेच सांगितले तर तेही तेवढेच लिहून घेतात.

आता आमचीच हकीकत. मार्च २०२३ मध्ये आम्ही एका डीलरकडून सहा वर्षांची, ३८,००० मैल झालेली पेट्रोल गाडी घेतली. शेफिल्ड म्हणजे सगळा चढउतार. जुलैमध्ये घराजवळच्या चढावर इंजिन ओरडू लागले. सूनबाई त्याच वसंतात परीक्षा पास झालेल्या. डीलरने फोनवरच ऐकवले, “क्लच वॉरंटीत येत नाही, ती झीज आहे, कोण चालवतं गाडी?” घरातही कुजबुज सुरू झाली, “अहो, तिचा पाय क्लचवरच असतो.” ती बिचारी दोन आठवडे बसने कामावर गेली.

आम्ही दुसऱ्या एका गॅरेजला फक्त उघडून पाहण्याचे काम दिले, दुरुस्तीचे नाही. प्लेट तेलाने माखलेली निघाली. इंजिनाच्या मागच्या बाजूचे, क्रँकशाफ्टचे ऑइल सील गळत होते. प्लेटवर अजून भरपूर माल शिल्लक होता, ती झिजलेली नव्हतीच. तेल लागल्यावर कोणाच्याही पायाखाली ती घसरलीच असती. मेकॅनिकने फोटो काढले, चार ओळी लिहून दिल्या. आम्ही ते पत्रासोबत डीलरला पाठवले, त्याने माणूस पाठवून खात्री केली आणि सील व क्लच दोन्हींचा खर्च उचलला. तपासणीचे पैसे मात्र आमचे गेले ते गेले. सूनबाईंना सगळ्यांनी सॉरी म्हटले, त्या अजून अधूनमधून टोमणा मारतात!

प्लेट काय सांगते ते थोडे समजून घ्यावे. रिव्हेटपर्यंत एकसारखी घासलेली असेल तर ती झीज. तेलकट असेल तर गळती, इंजिनाच्या सीलची, गिअरबॉक्सच्या सीलची, नाहीतर आतच बसवलेल्या स्लेव्ह सिलिंडरची. फ्लायव्हीलवर निळे डाग दिसले की गॅरेजवाले “बघा, जाळलाय” म्हणतात. डाग अति तापल्याचे खरेच, पण ते कोणी तापवले हे डाग सांगत नाहीत. हायड्रॉलिक अडकून पकड पुरती बसत नसेल तरी तेच होते, आणि जुन्या गाडीत आधीच्या मालकाने कॅरव्हॅन ओढली असेल तरीही. म्हणून फोटो घ्यावेत आणि जुने भाग परत मागून घ्यावेत. मागायचे ते काम सुरू करण्याआधी, नंतर ते भंगारात गेलेले असतात.

कायदा आपल्या बाजूने किती? १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू असलेल्या कन्झ्युमर राइट्स ॲक्टप्रमाणे व्यापाऱ्याकडून घेतलेली वस्तू समाधानकारक दर्जाची हवी, आणि त्यात ती पुरेशी टिकणे आले. पहिल्या ३० दिवसांत दोष निघाला तर गाडी परत करून पैसे मागता येतात. पहिल्या सहा महिन्यांत दिसलेला दोष मुळातच होता असे धरले जाते, तसा नव्हता हे डीलरने दाखवायचे. मात्र त्याला दुरुस्तीची एक संधी द्यावी लागते. म्हणूनच आम्ही दुसरीकडे दुरुस्ती करून घेतली नाही. ती फसली तर गाडी परत करता येते, पण वापराबद्दल काही रक्कम कापली जाऊ शकते. सहा महिन्यांनंतर सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर येते, तेव्हा मेकॅनिकचा लेखी अहवालच कामाला येतो. गाडीचे वय आणि मैल पाहून जी झीज साहजिक आहे, तिला कायदा दोष मानत नाही, हेही ध्यानात ठेवावे. आणि शेजाऱ्याकडून घेतलेल्या गाडीला हे संरक्षण नाही, तिथे गाडी वर्णनाप्रमाणे होती की नाही एवढाच मुद्दा.

गाडी फायनान्सवर असेल तर तक्रार फायनान्स कंपनीकडेही करावी. हायर पर्चेस किंवा पीसीपीमध्ये गाडीची मालक तीच असते. आठ आठवड्यांत समाधान झाले नाही तर फायनान्शियल ऑम्बुड्समनकडे फुकट जाता येते. क्रेडिट कार्डावर काही रक्कम भरली असेल आणि गाडीची किंमत १०० ते ३०,००० पौंडांच्या दरम्यान असेल, तर १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टचे कलम ७५ उपयोगी पडते. काहीच जमले नाही तर स्मॉल क्लेम्स आहे, इंग्लंड-वेल्समध्ये १०,००० पौंडांपर्यंत. आपली मंडळी कोर्टाचे नाव काढले की बिचकतात, पण तिथे वकील लागत नाही.

सवयींबद्दल फार लिहीत नाही, सर्वांना ठाऊक आहेत. सिग्नलला न्यूट्रल आणि हँडब्रेक, पायडलवर पाय विसावायचा नाही, चढावर गाडी क्लचवर टांगायची नाही. मुले शिकत असतील तर घरच्या गाडीपेक्षा शिक्षकाच्या गाडीत जास्त तास द्यावेत, तिथे क्लच त्याचा जातो!

जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा एक करा. इंजिन गरम झाल्यावर, मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये तीसच्या वेगाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा काटा एकदम उडाला आणि वेग मागे राहिला तर चावी परत द्या. पायडल अगदी वर आल्यावर गाडी पकडत असेल तर क्लच कधी बदलला ते विचारा, आणि बिल पाहायला मागा.