चाके मिटवावीत की तशीच ठेवावीत?

16 एप्रिल 2025 रोजी अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. त्या सेवेतले एटीआर-72 विमान उडताना तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. जमीन सुटली की थोड्याच वेळात त्याची मुख्य चाके पोटाजवळच्या फुगवट्यांत शिरतात. ते पाहून आलेल्या राजापेठेतल्या नववीच्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, माझ्या बॅटरीवरच्या मॉडेल विमानाला अशी मिटणारी चाके बसवू का? साठवलेले सगळे पैसे त्यातच जातील."

प्रश्न पैशांचा होता. म्हणून आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

बगळा उडताना पाय मागे लांबवतो, पारवा ते पिसांत दडवतो. कारण एकच, हवेचा रोध. हा रोध काढायचा तर हवेच्या घनतेची निम्मी संख्या घ्या. तिला वेगाच्या वर्गाने, समोरून दिसणाऱ्या क्षेत्रफळाने आणि आकारावर अवलंबून असणाऱ्या एका गुणांकाने गुणा.

त्याच्या विमानाचे वस्तुमान 1 किलोग्रॅम, वेग सेकंदाला 12 मीटर. चाके व त्यांच्या तारा मिळून क्षेत्रफळ सुमारे 20 चौरस सेंटीमीटर, म्हणजे 0.002 चौरस मीटर. हवेची घनता 1.2 आणि गुणांक 1 धरू. मग रोध 0.6 × 144 × 0.002, म्हणजे सुमारे 0.17 न्यूटन. चाके मिटवली तर एवढा रोध वाचेल.

आता दुसरी बाजू पाहू. मिटणाऱ्या चाकांची यंत्रणा साध्या चाकांपेक्षा 100 ग्रॅम जड आहे असे समजा. म्हणजे सुमारे 1 न्यूटन जादा भार. हा भार पेलण्यासाठी पंखांना जास्त उचल द्यावी लागते, आणि उचल वाढली की रोधही वाढतो. विमानाची उचल रोधाच्या सातपट धरली, तर वाढलेला रोध 1 भागिले 7, म्हणजे 0.14 न्यूटन. उरली बचत 0.03 न्यूटनची. वेगाने गुणले तर अर्धा वॅटसुद्धा भरत नाही!

हेच विमान सेकंदाला 30 मीटर वेगाने उडणारे असते तर? चाकांचा रोध 1.08 न्यूटन होतो. तो तोडण्यात सुमारे 32 वॅट खर्च होतात. वजनाचा दंड मात्र वेगाबरोबर वाढत नाही. म्हणून वेगवान मॉडेलला मिटणारी चाके शोभतात आणि परवडतातही. एटीआर तर ताशी सुमारे 500 किलोमीटर वेगाने जाते. उलट सेस्ना-172 सारख्या शिकाऊ विमानाची चाके बाहेरच असतात.

उतरतानाचा हिशेबही विसरू नका. वजन 10 टक्के वाढले की उतरण्याच्या वेगाचा वर्गही तितकाच वाढतो. गतिज ऊर्जा 1.1 × 1.1, म्हणजे 1.21 पट होते. हा जादा धक्का चाकांच्या बिजागरीवर बसतो. आपल्याकडची काळ्या मातीची मैदाने उन्हाळ्यात भेगाळतात आणि पावसाळ्यात चाकाला चिकटतात. मिटून पंखात मावण्यासाठी घेतलेली लहान चाके अशा ठिकाणी अडकतात आणि विमान नाकावर पडते.

तरीही मिटणारी चाके घ्यायचीच असतील तर एक गोष्ट तपासा. पाय पूर्ण उघडल्यावर अडसर पक्का बसतो का? हाताने पाय मागे ढकलून पाहा. धक्का अडसराने सोसला पाहिजे. तो छोट्या मोटरीवर आला तर तिचे दाते तुटतील.

त्या विद्यार्थ्याने शेवटी जाड तारेचे साधे पाय आणि मोठी चाके पसंत केली. उरलेल्या पैशांत दुसरी बॅटरी आली.

तुम्हीही आपल्या मॉडेलची चाके मोजा, यंत्रणा तराजूवर ठेवा आणि हाच हिशेब करून पाहा. तुमचा वेग वेगळा असेल, तर उत्तरही वेगळे येईल. मात्र विमान उडवायचे ते विमानतळापासून दूर, मोकळ्या मैदानात आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली.