चावी ज्याच्या खिशात, जीव त्याच्या हातात

अपघात विभागात नर्स होते तेव्हाची गोष्ट. एके दुपारी एका प्लंबरला आणले. इमारतीच्या तळटाकीत उतरून तो मोटरीचा पाइप जोडत होता. स्विच त्याने स्वतः बंद केला होता. पण नळाला पाणी का येत नाही म्हणून वरच्या मजल्यावरून कोणीतरी आले आणि स्विच चालू केला. प्लंबर वाचला नाही. टाकीत माणूस आहे हे स्विच लावणाऱ्याला ठाऊकच नव्हते.

आपल्या वस्त्यांतले कितीतरी तरुण प्लंबिंगचे काम करतात. त्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. स्विच नुसता बंद करून भागत नाही. दुसऱ्या कोणाला तो चालू करता येऊ नये. कारखान्यांत या पद्धतीला ‘लॉकआउट-टॅगआउट’ म्हणतात. म्हणजे कुलूप आणि पाटी.

१. काम सुरू करण्यापूर्वी वॉचमनला आणि रहिवाशांना सांगा.

२. मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावा. एमसीबीला अडकवायची छोटी क्लिप मिळते, तिला कुलूप बसते. चावी स्वतःच्या खिशात ठेवा. दोघे काम करत असतील तर दोघांची दोन कुलुपे हवीत.

३. ‘माणूस काम करतो आहे, स्विच लावू नका’ अशी पाटी लावा. तिच्यावर नाव आणि मोबाइल नंबर लिहा.

४. पाण्याचा व्हॉल्वही बंद करून बांधून ठेवा. नळ उघडून पाइपातला दाब जाऊ द्या. गिझर बंद केला तरी आतले पाणी बराच वेळ कढत राहते. सोलर हीटरला तर स्विच लावायची गरजच नसते, ऊन त्याला तापवत राहते.

५. आता मोटर चालू करून पाहा. चालू होत नाही याची खात्री झाली, की टेस्टरने तपासा. टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून बघा. तो बिघडलेला असेल तर खोटा धीर देतो.

६. काम संपल्यावर ज्याचे कुलूप, त्यानेच काढायचे.

सेप्टिक टाकीची गोष्ट वेगळी. तिथल्या विषारी वायूला कुलूप लागत नाही. संरक्षक साधनांशिवाय तिथे माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. ठेकेदाराने कितीही सांगितले तरी उतरू नका.

तरीही कोणाला शॉक बसलाच, तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा, मग १०८ ला फोन करा. श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबत राहा. माणूस उठून बोलू लागला तरी दवाखान्यात न्या. हृदयाचे ठोके बिघडलेले असू शकतात, ते ईसीजीतच कळते.

एका कुलपाला फार पैसे पडत नाहीत. ते ठेकेदाराकडे किंवा सोसायटीकडे मागून घ्या. ते मागण्यात भित्रेपणा नाही, तो कामगाराचा हक्क आहे.